तक्रार करायची, पण कुणाकडे? कॉलेजातल्या समता अधिकाऱ्याच्या खुर्चीचा इतिहास



आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम. मोबाईल हातात आहेच, तर तुमच्या कॉलेजची किंवा विद्यापीठाची वेबसाइट उघडा. मेनूत खाली खाली जा आणि 'समान संधी कक्ष' किंवा 'भेदभावविरोधी अधिकारी' असं काही दिसतंय का बघा. दिसलंच तर त्यापुढचं नाव वाचा. त्या प्राध्यापकांना तुम्ही कधी भेटलात? त्यांची खोली कुठल्या मजल्यावर आहे, माहीत आहे? दिलेला नंबर लागतो का?

बऱ्याच जणांना हे पद असतं हेच माहीत नसतं. पण नियमाप्रमाणे २०१२ पासून प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत असा माणूस नेमणं बंधनकारक आहे. नव्या कुलगुरूंच्या नेमणुकीची पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. समता अधिकाऱ्याची नेमणूक मात्र एका परिपत्रकात उरकते. कुणी टाळ्या वाजवत नाही, कुणी विरोधही करत नाही.

तर आज आपण या खुर्चीचा इतिहास बघणार आहोत. ती कुठून आली, का आली आणि तिच्यावर बसणाऱ्या माणसाला खरंच काही करता येतं का? आणि सगळ्या गोष्टीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येणार आहे, तो आत्ताच सांगून ठेवतो: हा माणूस उत्तर कुणाला देतो?

धारवाड, १८५६: न्याय तुझ्या बाजूने, पण…

सुरुवात करू धारवाडपासून. आज हे शहर कर्नाटकात आहे, पण तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. तक्रार साधी होती. धारवाडच्या सरकारी शाळेत मला प्रवेश नाकारला, तो मिळावा.

लक्षात घ्या, ही शाळा कुणा शेठजींची नव्हती, मठाची नव्हती. सरकारी पैशावर चालणारी शाळा होती. म्हणजे आपल्याकडे शिक्षणातल्या भेदभावाची जी अगदी सुरुवातीची नोंदलेली तक्रार आहे, ती एका मुलाने केलेली आहे आणि ती थेट सरकारदरबारी गेलेली आहे.

उत्तर काय आलं? मुंबई सरकारने कबूल केलं की न्याय या मुलाच्या बाजूने आहे. पण एका मुलाला आत घेतलं तर बाकीचे पालक आपली मुलं काढून घेतील, शाळा ओस पडेल, सबब प्रवेश देता येत नाही. म्हणजे तक्रार खरी, मागणी रास्त, आणि निकाल विरुद्ध!

कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला हे पटलं नाही. बंगालमध्ये असा प्रवेश नाकारला गेला नसता, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण लंडनला कंपनीच्या डायरेक्टरांपर्यंत गेलं आणि १८५८ मध्ये तिकडून स्पष्ट धोरण आलं की सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या असल्या पाहिजेत.

कागदावर विषय संपला. प्रत्यक्षात? पुढची कित्येक दशकं कुठं वर्गाबाहेर व्हरांड्यात, कुठं वेगळ्या बाकावर किंवा वेगळ्या पोत्यावर, असंच शिक्षण चालू राहिलं. धोरण लंडनचं होतं, पण शाळेचं दार उघडायचं की नाही हे ठरवणारे गावातलेच होते. तिथं कुणी विचारायला जाणारा माणूस नेमलेला नव्हता.

या धारवाड प्रकरणाची आठवण पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी करून दिली. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने अस्पृश्यांच्या शिक्षणाबद्दल जे निवेदन दिलं, त्यात त्यांनी हा सगळा पत्रव्यवहार मांडला. ७२ वर्षांपूर्वीचा एक अर्ज त्यांना महत्त्वाचा का वाटला असेल? कारण सरकारला न्याय कळतो, पण तो अमलात आणायची वेळ आली की सरकार मागे सरतं, याचा तो लेखी पुरावा होता.

ठराव १९२३ चा, पाणी १९२७ चं

आता तुम्हाला माहीत असलेली एक गोष्ट जरा वेगळ्या बाजूने बघू.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा, कोर्टं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनेही त्याला धरून चवदार तळं खुलं असल्याचं ठरवून टाकलं.

आणि तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन त्या तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. का? कारण ठराव होता, पण तळ्याच्या काठावर तो पाळला जातोय की नाही हे बघणारं कुणी नव्हतं. जे अडवत होते, त्यांच्याच गावात, त्यांच्याच भरवशावर तो ठराव सोडून दिलेला होता.

आणि हे फक्त गावात चालायचं असं समजू नका. १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस, सरकारी कॉलेज, शहर मुंबई. तिथं काही सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या पाणी पिण्यावर आक्षेप घेतला. स्टाफरूममधल्या सामाईक भांड्यातलं पाणी त्यांनी घेऊ नये म्हणून!

आता विचार करा, तेव्हा बाबासाहेबांनी तक्रार कुणाकडे करायची होती? प्राचार्यांकडे? पोलिसांकडे? अशी तक्रार घेणारं पदच अस्तित्वात नव्हतं. त्यांनी स्वतः पुढे कायदा आणि राज्यघटना यांतून त्याचं उत्तर शोधलं.

दिल्लीतला एक अधिकारी, जो संसदेला बांधील होता

१९५० मध्ये राज्यघटना लागू झाली. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम १५ ने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई केली. हे आपण शाळेत नागरिकशास्त्रात पाठ केलेलं असतं. पण कलम ३३८ सहसा कुणी पाठ करत नाही.

मूळ कलम ३३८ मध्ये एका विशेष अधिकाऱ्याची तरतूद होती. अनुसूचित जाती आणि जमातींना दिलेली संरक्षणं खरोखर मिळतायत का, याची चौकशी करायची आणि अहवाल राष्ट्रपतींना द्यायचा. तो अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवणं बंधनकारक. पुढे १९९० च्या घटनादुरुस्तीने या एका अधिकाऱ्याच्या जागी आयोग आला.

आता यातली रचना बघा. ज्या खात्याची चौकशी करायची, त्या खात्याच्या सचिवाला हा अधिकारी उत्तर देत नव्हता. त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडे आणि तिथून संसदेत. त्याच्या हातात शिक्षेचा अधिकार नसेल, पण त्याने लिहिलेलं दडपून ठेवणं सोपं नव्हतं. ही रचना लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागेल.

यानंतर कायदेही आले. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण सगळे 'अॅट्रॉसिटी' म्हणतो. पण हे फौजदारी कायदे आहेत. एफआयआर, तपास, कोर्ट. विद्यापीठातला भेदभाव बऱ्याचदा या चौकटीत बसत नाही. व्हायवाला ४० ऐवजी २२ मार्क मिळाले, गाइड महिनोन्‌महिने भेटच देत नाही, फेलोशिपच्या फॉर्मवर सही अडकली, लॅबमध्ये मशीनची वेळ मिळत नाही, मेसमध्ये शेजारी कुणी बसत नाही. यातल्या कुठल्या गोष्टीसाठी पोलीस स्टेशनला जाणार? आणि गेलात, तरी परत त्याच लॅबमध्ये यायचं असतं ना!

म्हणून कॅम्पसच्या आतच कुणीतरी हवं, ही कल्पना हळूहळू रुजली. ती फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्ध १९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा झाला आणि १९७५ च्या नियमांनी सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला किमान एक जबाबदार कर्मचारी नेमायला लावला. आज तिकडच्या मोठ्या विद्यापीठांत समतेची आख्खी कार्यालयं दिसतात, त्यांचं एक मूळ या नियमात आहे. तिथं गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांमुळे जातीचा प्रश्नही त्या कार्यालयांत पोचला. ब्रँडाइज विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला.

एम्स, २००६: तोंडी परीक्षेतला प्रश्न

भारतात या खुर्चीला आकार आला तो दिल्लीच्या एम्समधल्या एका चौकशीनंतर.

२००६ चं वर्ष. केंद्रीय शिक्षणसंस्थांत ओबीसींना २७ टक्के आरक्षण देण्याच्या निर्णयाविरुद्ध मोठं आंदोलन पेटलं होतं आणि एम्स त्याचं केंद्र होतं. त्याच काळात तिथल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या छळाच्या तक्रारी बाहेर आल्या. आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २००६ मध्ये तीन जणांची समिती नेमली. अध्यक्ष होते प्रा. सुखदेव थोरात, तेव्हाचे यूजीसीचे अध्यक्ष. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. म्हणजे बाबासाहेबांनीच उभ्या केलेल्या कॉलेजचे विद्यार्थी.

मे २००७ मध्ये अहवाल आला. त्यात काय होतं? वसतिगृहात हे विद्यार्थी ठरावीक मजल्यांवर एकवटलेले होते, कारण इतर ठिकाणी त्यांना इतका त्रास व्हायचा की ते स्वतःच खोली बदलून तिकडे जायचे. मेसमध्ये, खेळात, कल्चरल कार्यक्रमांत ते वेगळे पडत. शिक्षकांकडून पुरेशी मदत मिळत नाही, असं बहुतेकांनी सांगितलं. आणि तोंडी परीक्षेत आडून किंवा थेट जातीची विचारणा होते, असंही सांगितलं.

म्हणजे पेशंटची तपासणी कशी करशील हे विचारायच्या जागी, 'तुझं पूर्ण नाव काय?'

समितीने उपाय सुचवले, त्यातला एक म्हणजे संस्थेत समान संधी कार्यालय असावं. एम्सच्या प्रशासनाने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. पण देशातल्या कॅम्पसवरच्या जातीय वागणुकीचं इतकं बारकाईने केलेलं सरकारी दस्तऐवजीकरण पहिल्यांदाच झालं होतं. त्यानंतर 'आमच्याकडे असलं काही होत नाही' हे वाक्य म्हणणं जरा अवघड झालं.

२०१२: खुर्ची मिळाली

पाच वर्षांनी यूजीसीने नियम काढले. उच्च शिक्षण संस्थांमध्ये समतेला चालना देण्याविषयीचे नियम, २०१२. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि एक भेदभावविरोधी अधिकारी. विद्यापीठात हा अधिकारी प्राध्यापक दर्जाच्या खालचा नसावा. तक्रार आल्यापासून ६० दिवसांत निर्णय द्यावा.

या नियमांची एक गोष्ट खरंच दाद देण्यासारखी आहे. भेदभाव म्हणजे काय, हे त्यांनी मोघम ठेवलं नाही. वर्गात विद्यार्थ्यांच्या जाती जाहीरपणे सांगणं. 'रिझर्व्ह कॅटेगरी' असं लेबल लावणं. कमी मार्कांचं कारण म्हणून जात काढणं. वाचनालयात, मेसमध्ये, वसतिगृहात वेगळं बसवणं. उत्तरपत्रिका तपासताना दुजाभाव करणं. हे सगळं तिथं लिहिलेलं आहे. एम्सच्या अहवालातली दुखणी एकेक करून नियमात उतरलेली दिसतात.

असे नियम असले की छोट्या दिसणाऱ्या गोष्टींनाही नाव मिळतं. २०२३ मध्ये आयआयटी बॉम्बेने विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्या की एकमेकांना जेईईची रँक विचारू नका, कारण त्यातून जात शोधली जाते. बाहेरच्याला वाटेल, रँक विचारण्यात काय एवढं? पण ज्याला पहिल्याच आठवड्यात चार जणांनी रँक विचारलेली असते, त्याला चांगलं कळतं.

मग अडलं कुठं?

आता तो सुरुवातीचा प्रश्न काढा. हा अधिकारी उत्तर कुणाला देतो? त्याची नेमणूक संस्था करते. तो त्याच संस्थेत नोकरीला. त्याच्या निर्णयावर अपील कुठं, तर संस्थेच्या प्रमुखाकडे. रजा, प्रमोशन, प्रोजेक्टचा निधी, सगळ्या सह्या तिथल्याच. वर नियम न पाळणाऱ्या संस्थेचं नेमकं काय करायचं, हे या नियमांत नीट नाही, अशी टीकाही झाली.

म्हणजे ३३८ व्या कलमातला अधिकारी संसदेकडे बघत होता आणि २०१२ चा अधिकारी कुलगुरूंच्या केबिनकडे. तो माणूस कितीही भला असू दे, त्याला उद्या त्याच कॉरिडॉरमधून जायचं असतं.

दोन आया आणि एक याचिका

१७ जानेवारी २०१६. हैदराबाद विद्यापीठातला पीएच.डी.चा विद्यार्थी रोहित वेमुला याने आत्महत्या केली. त्याआधी विद्यापीठाने त्याच्यासह पाच संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून बाहेर काढलं होतं. विद्यार्थ्यांचा रोष होता तो विद्यापीठाच्या प्रशासनावरच. आता सांगा, प्रशासनाविरुद्धची तक्रार प्रशासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याने ऐकायची आणि तिचं अपील प्रशासनाच्या प्रमुखाकडे करायचं?

२२ मे २०१९. मुंबईचं नायर हॉस्पिटल. डॉ. पायल तडवी. जळगावची, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणारी. तिनेही आयुष्य संपवलं. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप आहे, प्रकरण कोर्टात गेलं. त्रास होतोय हे आपण आधीच वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं, असं तिच्या कुटुंबाचं म्हणणं आहे.

रेसिडेंट डॉक्टरचं आयुष्य ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना माहीत आहे, ज्युनिअरची ड्युटी, ऑपरेशन थिएटरमध्ये शिकायची संधी, सगळं सिनिअर आणि विभागाच्या हातात असतं. तक्रार केली तर पुढची दोन वर्षं काढायची कशी, हा विचार आधी येतो.

त्याच वर्षी या दोघांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांची मागणी साधारण अशी होती: २०१२ चे नियम आहेत ना, मग ते पाळले जातायत हे कोण बघणार? धारवाडच्या अर्जापासून महाडच्या तळ्यापर्यंतचाच हा प्रश्न. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने यूजीसीला विचारलं की किती संस्थांनी असे कक्ष स्थापन केले, किती तक्रारी आल्या, त्यांचं काय झालं, ते सांगा.

यूजीसीच्या आकडेवारीप्रमाणे जातीय भेदभावाच्या तक्रारी २०१९-२० मध्ये १७३ होत्या, त्या २०२३-२४ मध्ये ३७८ झाल्या. दुपटीहून जास्त. हा आकडा वाचून घाबरायचं की बरं वाटून घ्यायचं? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. भेदभाव वाढला असेल किंवा बोलायचं धाडस वाढलं असेल. पण देशभरातली शेकडो विद्यापीठं आणि हजारो कॉलेजं डोळ्यांसमोर आणा आणि मग ३७८ हा आकडा बघा. मला विचाराल तर, न आलेल्या तक्रारींचा विचार जास्त करायला हवा.

२०२६: नवी खुर्ची, आणि स्थगिती

१३ जानेवारी २०२६ ला यूजीसीने नवे नियम अधिसूचित केले. यात बरंच काही वाढलं. समान संधी केंद्र आणि त्याचा समन्वयक. समता समिती, तिच्यात संस्थेतल्या लोकांबरोबर समाजातले प्रतिनिधी आणि विद्यार्थीही. हेल्पलाइन. समता पथकं. तक्रार आली की २४ तासांत समितीची बैठक, १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल. अपील संस्थेबाहेरच्या लोकपालाकडे. नियम मोडणाऱ्या संस्थेला यूजीसीच्या योजनांतून बाहेर काढण्याची तरतूदही होती.

मग वाद पेटला. जातीय भेदभावाची व्याख्या अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी यांच्यापुरतीच का, खुल्या वर्गातल्या मुलांनी कुठं जायचं, खोट्या तक्रारींचं काय, असे आक्षेप घेत अनेक जण न्यायालयात गेले. समर्थकांचं उत्तर होतं की सर्वसाधारण भेदभावाची व्याख्या वेगळी आहे आणि ती सगळ्यांना लागू होते. आणि इतकी वर्षं ज्यांनी सोसलं त्यांच्यासाठी स्वतंत्र उल्लेख हवाच. २९ जानेवारी २०२६ ला सर्वोच्च न्यायालयाने या नियमांना स्थगिती दिली. भाषा संदिग्ध आहे, गैरवापर होऊ शकतो, असं प्रथमदर्शनी मत नोंदवलं आणि तोवर २०१२ चे नियम चालू ठेवायला सांगितलं.

टीव्हीवर आणि रील्सवर या दोन बाजूंची भांडणं तुम्ही भरपूर पाहिली असतील. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मात्र फार कुणी बोललं नाही.

२०२६ च्या नियमांत समता समितीचा अध्यक्ष कोण? संस्थेचा प्रमुख. म्हणजे कुलगुरू किंवा प्राचार्य.

आता याच यूजीसीचे दुसरे नियम बघू. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं दिली, २०१३ मध्ये कायदा झाला आणि २०१५ मध्ये यूजीसीने कॅम्पससाठी वेगळे नियम केले. त्या अंतर्गत समितीत अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, बाहेरची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले विद्यार्थी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरच्या पदांवरच्या लोकांनी या समितीत असायचंच नाही. का? समितीला स्वतंत्रपणे काम करता यावं म्हणून. हे कारण त्या नियमातच दिलेलं आहे.

बघा हं. यूजीसी तीच, कॅम्पस तेच. २०१५ मध्ये जे कळलं होतं की प्रमुख आत बसला तर तक्रारदार मोकळेपणाने बोलणार नाही, ते २०२६ मध्ये जातीच्या बाबतीत का लागू होऊ नये?

अंतर्गत समित्या सगळीकडे उत्तम चालतात असं अजिबात म्हणायचं नाहीये. काही ठिकाणी त्याही कागदावरच आहेत. पण निदान रचना करताना 'हा उत्तर कुणाला देतो?' हा प्रश्न कुणीतरी विचारला होता.

नवीन अधिकारी आले की काय बघाल?

तुमच्या कॉलेजात उद्या नवीन समता अधिकारी नेमले गेले तर अभिनंदनाच्या पोस्टवर लाइक जरूर करा. पण त्याबरोबर काही गोष्टी विचारा. विद्यार्थी प्रतिनिधी असाल, तर लेखी विचारा.

एक, या अधिकाऱ्याकडे आणखी किती जबाबदाऱ्या आहेत? परीक्षा, एनएसएस, वसतिगृह आणि वर समता, असं चार-पाच कामांचं ओझं असेल तर समता शेवटी येणार.

दोन, तक्रार त्यांच्या स्वतःच्या विभागातल्या कुणाविरुद्ध आली किंवा प्रमुखाविरुद्ध आली, तर ती कोण ऐकणार?

तीन, ६० दिवसांचा हिशोब कोण ठेवतं? वर्षाला किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, हा आकडा नावं न देता वेबसाइटवर येतो का?

चार, तक्रार केल्यावर गाइड बदलून मिळतो का, परीक्षक बदलतो का, खोली बदलते का? म्हणजे चौकशी चालू असताना त्या मुलीला किंवा मुलाला शिकता येतं का?

पाच, चौकशीत संस्थेबाहेरचं कुणी बसतं का?

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी नव्या नियमांची वाट बघायची गरज नाही. एखाद्या प्राचार्याने मनावर घेतलं तर आज संध्याकाळपर्यंत परिपत्रक निघू शकतं. आणि मनावर घेतलं नाही तर कुठलाही नियम कपाटात पडून राहू शकतो, हे आपण १८५६ पासून बघत आलोय.

धारवाडच्या त्या मुलाला सरकारने सांगितलं होतं की न्याय तुझ्या बाजूने आहे, पण बाकीचे नाराज होतील. आज कुठल्याही कॉलेजच्या कार्यालयात असं लेखी कुणी देणार नाही. हल्ली उत्तर येतं, 'बघतो', 'समितीपुढे ठेवतो', 'तुझ्या करिअरचा विचार कर'. समता अधिकारी नेमायचा तो ही उत्तरं बंद करण्यासाठी. त्यासाठी नाराजी पत्करायची मुभा त्याला असली पाहिजे, आणि ती मुभा नेमणुकीच्या पत्रात लिहून आलेली असली पाहिजे.

तर मंडळी, सुरुवातीला सांगितलेलं काम ज्यांनी केलं नसेल त्यांनी आता करा. तुमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर काय सापडलं ते आम्हाला कळवा, नाव गुप्त ठेवू. आणि हा भाग ऐकताना किंवा वाचताना तुमचं मन जड झालं असेल, एकटं वाटत असेल, तर कुणाशी तरी बोला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, प्रश्न विचारत राहा!